श्रावण संपल्यावर : गोव्यात दारू कमी करायची किंवा सोडायची असेल तर

गोव्यातल्या हिंदू घरांत श्रावण म्हणजे मासळी बंद आणि दारूही बंद. वर्षभर पिणारी माणसंसुद्धा हा महिना पाळतात आणि चवथीचा गणपती पोचवला की पुन्हा बारच्या दिशेनं वळतात. मीही तो सलग अकरा वर्षं पाळला. घरात कोणी विषय काढला की माझं उत्तर तयार असे : महिनाभर थेंब घेत नाही, मग व्यसन कसलं? बाराव्या वर्षी श्रावणाच्या दुसऱ्या सकाळी चहाचा कप हातात धरवेना. तिसऱ्या दिवशी देवाच्या पाण्याचा तांब्या हातून सांडला, आई बघत होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी श्रावण मोडला.

त्याला बरीच वर्षं झाली. गेली नऊ वर्षं मी दारू घेतलेली नाही. ज्या मंडळींमुळे हे जमलं त्यांच्यात नाव जाहीर न करण्याची शिस्त आहे, म्हणून इथं नाव लिहीत नाही. डिचोली तालुक्यातला आहे, एवढं पुरे.

आधीची अकरा वर्षं तो महिना मला का जमत होता, हे फार उशिरा कळलं. त्या महिन्यात अख्खा वाडा बरोबर असतो. शेजारी घेत नाही, मेहुणा घेत नाही, बारवालाही विचारत नाही. चवथ झाली की ती सोबत एका रात्रीत उठून जाते. दारू सोडायची तर श्रावण संपल्यावरही टिकेल अशी सोबत उभी करावी लागते. ती कशी उभी करायची आणि त्याआधी शरीर कसं सांभाळायचं, ते सांगतो.

आधी मोजून बघा

सात दिवस वहीत लिहा : किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, किती. कोणाला दाखवायची नाही, पण खोटं लिहायचं नाही. 'दोन पेग' असं लिहू नका, कारण घरी ओतलेला पेग आणि बारमध्ये मापून दिलेला पेग सारखा नसतो. मिलिलिटर लिहा.

जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक मात्रा धरते. त्या हिशेबानं ६० मिलिलिटर व्हिस्की किंवा फेणी म्हणजे दोन मात्रा, एक क्वार्टर म्हणजे सहा. पाच टक्क्यांची मोठी बिअर अडीच मात्रांची, आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर चार मात्रांची. हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसापासून गाळलेल्या हंगामी दारूच्या बाबतीत आपली सगळ्यात जास्त फसगत होते. पहिल्या ऊर्ध्वपातनाची म्हणून ती हलकी, लिम्का आणि मिरची घातली की सरबतच, असं आपण मानतो. साधारण १५ टक्क्यांची साडेसातशेची बाटली दोघांनी दुपारी संपवली तर प्रत्येकाच्या पोटात साडेचार मात्रा गेलेल्या असतात. म्हणजे दोघांनीही पाऊण पाऊण क्वार्टर व्हिस्की घेतल्यासारखं झालं.

आठवडा संपला की 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी सोडवा. तीही जागतिक आरोग्य संघटनेची आहे, डॉक्टर किंवा समुपदेशक पाच मिनिटांत घेतात. ० ते ४० गुण असतात. ८ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या दिशेनं चाललंय. २० किंवा जास्त आले तर शरीर बहुधा दारूवर अवलंबून आहे.

गुणांपेक्षाही मी तीन प्रश्न आधी विचारतो. सकाळी हात थरथरतात का? ती थरथर थांबवायला सकाळीच घ्यावी लागते का? पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट आली होती किंवा भास झाले होते का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर 'कमी करीन' हा मार्ग तुमचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मी सगळं करून पाहिलंय. फक्त बिअर, फक्त शनिवार, आठाच्या आधी नाही, घरात बाटली नाही. एकही नियम दीड महिन्याच्या वर टिकला नाही. यकृताचा आजार असेल, स्वादुपिंडाला सूज आलेली असेल किंवा गरोदरपण असेल, तरीही पूर्ण बंद हाच सल्ला मिळेल. तिन्ही उत्तरं नाही असतील आणि गुण मधल्या पट्ट्यात असतील तर कमी करण्याचा प्रयत्न करून पाहता येतो. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

रोज पिणाऱ्यानं एकट्यानं, घरात, अचानक थांबू नये

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. वर्षानुवर्षं रोज दारू मिळालेला मेंदू तिला धरून स्वतःचा तोल सांभाळत असतो. ती अचानक काढली की तो तोल उधळतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड आणि झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलायला येतात, आपण कुठे आहोत तेच कळत नाही, ताप चढतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. गावात याला 'बाहेरची बाधा' समजून रात्र घालवतात आणि मोलाचे तास जातात. असं काही दिसलं, फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर १०८ लावा. सकाळची वाट पाहू नका.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली हाच काळ बराच सोपा जातो. झोपेच्या गटातली औषधं ठरावीक मात्रेत देऊन काही दिवसांत कमी करत आणतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन देतात. दारूमुळे शरीरातलं थायमिन संपलेलं असतं आणि ते न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून कुठल्याही दवाखान्यात अशक्तपणासाठी सलाईन लावायची वेळ आली तर आधी सांगा की मी रोज पितो आणि इतकी पितो. ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हेच सांगा. अपघातात पाय मोडून इस्पितळात पडलेला, कधी कोणाला न सांगता पिणारा माणूस तिसऱ्या रात्री अचानक बरळू लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

यासाठी बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या शेजारी आयपीएचबी हे सरकारी मनोविकार इस्पितळ आहे, तिथं व्यसनमुक्तीचे उपचार होतात. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही मनोविकारतज्ज्ञ भेटतात. 'बांबोळीला गेला' हे शब्द आपल्याकडे अजून कुजबुजत बोलले जातात. मीही त्या भीतीनं दोन वर्षं टाळलं. गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर आमच्याच तालुक्यातले दोघे बसलेले दिसले. तिघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली आणि पुढे कोणी कुठे बोललं नाही. जायचा धीर होत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ वर किंवा व्यसनमुक्तीच्या १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. बोलण्यासाठी नाव सांगावं लागत नाही.

गोळ्या आणि चोरून दिलेली पूड

ओढ कमी करणारी औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही त्यातली दोन. यकृत आणि मूत्रपिंड तपासून डॉक्टर ठरवतात. डायसल्फिराम वेगळं. ते घेतलेलं असताना दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असलेल्याचा जीवही जाऊ शकतो. म्हणून ते फक्त रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं देतात.

घरच्या बायकांना, आयांना माझी कळकळीची विनंती आहे : 'न कळत दारू सोडवा' अशा जाहिरातीतली पूड आमटीत मिसळू नका. तिच्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं आणि डायसल्फिराम असेल तर नवरा बारमध्येच कोसळेल. तुमची हतबलता मला कळते, माझ्या घरीही ती पुडी आली होती.

देवापुढे गाऱ्हाणं घालून घेतलेली शपथ, गळ्यातली माळ यांचा आधार खरा असतो. साखळीच्या विठ्ठलाला माळ घालून पुन्हा कधीच न प्यायलेली माणसं मी ओळखतो. पण त्यांच्याकडे नीट पाहिलं तर दिसतं की माळेबरोबर त्यांना दिंडी मिळाली होती, रोज संध्याकाळी भजनाला वाट पाहणारी माणसं मिळाली होती. शपथ मोडली की मात्र माणूस देवालाही तोंड दाखवत नाही आणि आणखी एकटा पडतो. तेव्हा शपथ घ्या, पण सोबतीशिवाय घेऊ नका.

पहिल्या सभेला जाताना

१९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल, बिल विल्सन, धंद्यात फटका खाऊन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. काही महिन्यांपूर्वीच दारू सुटलेली. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो फोनकडे गेला आणि गावातल्या चर्चची यादी बघून एकेक नंबर फिरवत राहिला : मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी गाठ पडली. १० जून १९३५ हा डॉ. बॉबच्या शेवटच्या पेल्याचा दिवस, आणि तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे 'एए'चा, स्थापनादिन मानला जातो. दुसऱ्याला आधार द्यायला गेलेला माणूस त्यातून स्वतःलाच वाचवत होता, ही त्यातली खरी गोष्ट आहे.

एएच्या सभेसाठी पैसे लागत नाहीत. डबा फिरतो, त्यात टाकलं तर टाकलं. अर्ज नाही, नोंदवही नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. सभा कुठे आणि कोणत्या भाषेत आहे ते आधी फोनवर किंवा एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर बघून घ्या. गोव्यात कोकणी आणि इंग्रजी जास्त ऐकू येते, पण तुम्ही मराठीत बोललात तर कोणाला काही वाटत नाही. चर्चच्या खोलीत सभा असली तर बिचकू नका. ती जागा भाड्यानं किंवा सौजन्यानं मिळालेली असते, तिथं धर्म विचारत नाहीत. उलट, आपल्या वाड्यावरचं कोणी भेटेल ही भीती असेल तर दुसऱ्या तालुक्यातली सभा निवडा. वाळपईसारख्या आतल्या भागातून येणाऱ्यांनी परतीची शेवटची बस आधी विचारून ठेवावी. बस चुकली म्हणून स्टँडजवळच्या बारमध्ये गेलेला माणूस मला माहीत आहे. गाडीची सोय बहुतेक वेळा सभेतच होते, फक्त तोंड उघडून मागावी लागते.

आत साधारण असं होतं : वर्तुळात खुर्च्या, चहा, एक छोटी प्रार्थना, मग एकेक जण आपलं नाव आणि 'मी अल्कोहोलिक' एवढं सांगून बोलतो. मध्ये कोणी अडवत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर 'आज मी फक्त ऐकतो' म्हणायला पूर्ण मुभा आहे. पहिल्या दिवशी मी तेवढंच म्हटलं. एका ट्रकवाल्यानं सांगितलं की तो बाटली भाताच्या कणगीत लपवायचा. माझी बाटली गोठ्यात असे. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच वाटलं की हे करणारा मी जगात एकटा नाही.

'देवाबिवाचं मला जमत नाही' म्हणून पुष्कळ जण दुसऱ्या सभेला येत नाहीत. एएचा दारू सोडण्याचा मार्ग बारा पायऱ्यांत मांडलेला आहे. त्यांत उच्चशक्तीचा उल्लेख आहे, पण ती कोणती हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. पहिलं वर्षभर माझी उच्चशक्ती म्हणजे ती वीस माणसंच होती. एकाच सभेवरून मत बनवू नका, किमान सहा करा आणि शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणी. याचा उपयोग होतो का, असं पुराव्यानिशी विचारणाऱ्यांसाठी : २०२० साली वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली. एएकडे नीट जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारपद्धतींपेक्षा सरस ठरले.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं. गोव्यात घरात एकटीनं पिणाऱ्या स्त्रिया आहेत आणि त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही. सभेत पुरुषच जास्त दिसतील. फोन केल्यावर 'मला बाईशीच बोलायचंय' असं सरळ सांगा. ऑनलाइन भरणाऱ्या स्त्रियांच्या सभाही आहेत, दार लावून मोबाइलवर ऐकता येतात.

सातचा फोन

सभा आठवड्यातून दोन-तीनदा, तिन्हीसांज मात्र रोज. म्हणून पहिल्याच आठवड्यात तीन जणांचे नंबर घ्या आणि त्यातल्या एकाला रोज संध्याकाळी सातला फोन करायचं ठरवा. ओढ नसतानाही करा. ओढ लागल्यावर पहिला फोन करणं फार अवघड असतं, पण रोजचाच फोन असेल तर बोट आपोआप जातं. दोनच वाक्यं पुरतात : 'आज नाही घेतली. आत्ता असं असं वाटतंय.' समोरचा बहुधा विचारेल, जेवलास का, कोणाशी भांडलास का, एकटा आहेस का, झोप झाली का. दहातल्या सात वेळा ओढीचं मूळ या चारांतच सापडतं, हा माझा अनुभव. ओढ लाटेसारखी असते, वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ फोनवर काढायचा.

काही महिन्यांनी बारा पायऱ्या समजावून सांगणारा जुना सभासद, म्हणजे स्पॉन्सर, धरा. रिवाज असा की पुरुषानं पुरुष आणि बाईनं बाई. गोड बोलणाऱ्यापेक्षा फोन उचलणारा निवडा. जवळपास सभाच नसेल तर सोडू पाहणारे दोघे मिळून आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, एखाद्या देवळाच्या सभामंडपातही बसू शकता.

फक्त कमी करायची असेल तर

पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेनं गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी धोकादायक पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार बैठकांत बोलायचं. २०१७ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला : तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांत २६ टक्के, तर या बैठका मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जण धोक्याच्या पातळीखाली आले होते. आपल्याच माणसानं आपल्याच भाषेत नीट बोलण्यात किती बळ आहे, हे आपल्याच भूमीवर सिद्ध झालंय. तेव्हा तुमच्या आरोग्य केंद्रात विचारा.

स्वतः करायचं ते असं : आठवड्यातले कोरडे दिवस आधीच लिहून ठेवा, जेवल्याशिवाय पहिला घोट नाही, बाटली घरात नाही, आणि शनिवारी वहीतला आकडा एका ठरलेल्या मित्राला कळवा. सहा आठवड्यांत आकडा खाली आला नाही तर पूर्ण सोडण्याचा विचार करा. आणि शून्य धोक्याची अशी दारूची मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय.

हुर्राकचे दिवस, लग्नं आणि हॉटेलातली नोकरी

मार्च ते मे हे माझ्यासाठी अजूनही सगळ्यात कठीण महिने. काजूच्या बोंडांचा वास वाऱ्यावर येतो आणि पाय आपोआप भाटीकडे वळायला बघतात. पहिल्या वर्षी मी त्या वाटेनं गेलोच नाही, लांबच्या रस्त्यानं घरी आलो. ज्याची स्वतःची काजूची बाग आहे त्यानं पहिला हंगाम गाळणीचं काम दुसऱ्याकडे द्यावं. पैसे थोडे कमी येतील, येऊ देत.

लग्नात, जत्रेत 'घे मरे एक' म्हणणारा वाईट नसतो. त्याच्या प्रेमाची ती रीत आहे. त्याला आपली सगळी कहाणी सांगू नका. हातात आधीच सोलकढीचा किंवा सोड्याचा पेला धरा आणि म्हणा, 'नाका मरे, गुळयो चालू आसात.' म्हणजे नको रे, गोळ्या चालू आहेत. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर निघा. स्वतःच्या गाडीनं जायचं कारण हेच.

हॉटेलात, शॅकमध्ये, बारच्या गल्ल्यावर काम करणाऱ्यांना 'दारूपासून दूर राहा' हा सल्ला निरुपयोगी आहे. त्यांनी मालकाकडे किचन, हाउसकीपिंग किंवा सकाळची पाळी मागावी, आणि पाळी सुटल्याबरोबर, गणवेश बदलायच्या आधी फोन लावावा. पाळी सुटल्यानंतरचा तो पाऊण तासच घात करतो.

घरच्यांसाठी

बायको बाटल्या शोधते, पैसे लपवते, साहेबाला फोन करून 'ताप आहे' सांगते. हे सगळं प्रेमापोटी असतं आणि यानंच पिणं चालू राहतं, कारण परिणाम त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. घरच्यांचे स्वतंत्र गट आहेत, अल-अ‍ॅनॉन, १९५१ पासून. तिथं नवऱ्याला कसं सुधारावं हे शिकवत नाहीत, आपण कसं उभं राहावं ते शिकवतात. तो प्यायचा थांबलेला नसतानाही तुम्ही जाऊ शकता. मारहाण होत असेल तर मात्र आधी घराबाहेर सुरक्षित जागा आणि ११२ क्रमांक, गट नंतर.

पुन्हा प्यायलात तर

माझं पहिलं सोडणं पाच महिने टिकलं. शिगम्याच्या रात्री घेतली. सकाळी फोनकडे बघत बसलो, लाज वाटत होती. शेवटी लावला. पलीकडून एकच प्रश्न आला, 'कुठे आहेस?' अर्ध्या तासात तो स्कूटर घेऊन दारात. ओरडला नाही. त्याच संध्याकाळी सभेत नेऊन बसवलं आणि मी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागलो.

एक रात्र झाली असेल तर असंच करा : उरलेली ओतून टाका, फोन करा, त्याच दिवशी सभा. पण सलग चार-पाच दिवस प्यायला असाल तर पुन्हा एकट्यानं थांबवू नका. आधी एकदा त्रास झाला असेल तर पुढच्या वेळी थरथर आणि फिट जास्त जोरात येऊ शकतात. अशा वेळी मित्राला सोबत घ्या, किती प्यायलात ते खरं सांगायची तयारी ठेवा आणि बांबोळीची वाट धरा. सभा चार दिवसांनी, तिथून सुटल्यावर.